पूजा झाल्याबिगर

गारखेड्यातल्या हाडांच्या दवाखान्यात पाचोडच्या सारजाबाई सकाळपासून ठणकता गुडघा धरून बसल्या होत्या. शेजारी हात गळ्यात बांधलेली एक बाई होती. तिच्या पलीकडं दोघं जण मोबाइलात डोकं घालून बसले होते. त्यांची टकळी काही थांबेना.

"हा रंधा बघा, सुदर्शनराव. जुन्या बाजारात पाचशे सांगितले, दोनशेला पाडला."

"लई भारी! मी पटाशीचा सेट आणला. अशी धार, की केस कापंल."

"चालवून बघितली?"

"छे! खंडेनवमीला पूजा झाल्याबिगर नवं हत्यार लाकडाला लावत नाय मी."

"व्हय, ते बी खरंच."

सारजाबाईंना राहवेना. "पोरी, हाताला काय झालं गं?"

"स्टुलावरनं पडले, मावशी. त्याचा पाय डुगडुगतोय म्हणून ह्यांना दोन वर्षं सांगतेय."

"कुणाला?"

"हेच की, पटाशीवाले."

"अवं जावईबापू, एक पाचर मारायची. दगडानं बी बसती!"

"दगडानं?" सुदर्शननं पहिल्यांदाच मान वर केली. "लाकूड फाटंल ना, मावशी! त्याला लाकडी हातोडा लागतो. हा बघा फोटो, कालच आणलाय."

"मंग मारा की!"

"अहो, पूजा कुठं झालीय त्याची?"

"आन् जुन्या हत्यारांची?"

"झालीय ना. पण त्यात हातोडा नव्हता."

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, "तनुजाताई, प्लास्टरला चला."

तनुजा जागची हलली नाही.

"अहो, आधी आत जाऊन विचारून या," ती नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टरांच्या हत्यारांची पूजा झालीय का."