तांबडवाडीची भट्टी आणि गादीची आण

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे, आणि खरं सांगतो, उत्तर मला अजून धड सापडलेलं नाही. कीर्तनात बोलतो कोण? बुवा! ऐकतो कोण? श्रोते! बरं... मग आधी कुणी कुणाचं ऐकायचं? गोंधळलात? मीही गोंधळलोय! पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुम्ही त्या दिवशी तिथंच होतात!

तर एक होते बुवा. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं, आणि तोरा? विचारूच नका! त्यांना तांबडवाडीचं आमंत्रण आलं. सगळी वस्ती कुंभारांची. देवळात सोमवारी दुपारी कीर्तन ठरलेलं. बुवांची एस.टी. चुकली, पोहोचले मंगळवारी! गावचे शिदूतात्या फाट्यावर आले, पिशवी खांद्यावर घेतली, म्हणाले, "आलात, बरं झालं." बस्स! आता बुवांनी विचारावं की नाही, बाबांनो, एक दिवस उशीर झाला, तुमची काही अडचण? छे! बुवांनी विचारलं, "चहा कुठाय?"

कीर्तन सुरू झालं. पहिला अभंग रंगतोय तोच दोन माणसं उठली, बाहेर गेली. थोड्या वेळानं परत आली, घामाघूम! ती बसली, तर दुसरी दोन उठली! बुवा बुचकळ्यात. पट्टी उंच लागली? खाली घेतली. दोघं उठलीच! वेदान्त जड झाला? विनोद सांगितला. कुणीही हसलं नाही, आणि आता तर दोन बायका उठल्या! परत आल्या त्या धुराचा वास घेऊन. बुवांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला — बिडी! ही माणसं बिडी ओढायला जातायत! पण... बायका पण? आणि सगळी एवढी घामाघूम कशी? काही केल्या ताळमेळ लागेना. आणि माणसाला समजेनासं झालं की तो काय करतो? चिडतो!

मी ओरडलो — आपलं, बुवा ओरडले... ओळखलंत ना? बरं बाबा, मीच तो! लपवून काय उपयोग? मी ओरडलो, "नारदाच्या गादीची आण आहे! आख्यान संपेपर्यंत जागचं कुणी हलायचं नाही!"

आणि काय सांगू, मंडळी! सगळे जागच्या जागी बसले. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. टाचणी पडली तर ऐकू यावी! आख्यान होतं दुष्ट राजाचं, भक्ताला आगीत टाकतो त्याचं. मीही पेटलो. "आणि देवानं काय केलं? आग थंड केली हो, थंड! निखारा निखारा विझला!" तशी पुढं बसलेली धुरपदाबाई, साठीची, एकटी विधवा बाई, पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. मला कोण आनंद! ती ओळ मी पुन्हा म्हटली. दोनदा म्हटली!

कीर्तन संपलं. मी मोठ्या मायेनं विचारलं, "आजी, कुठल्या ओळीला भरून आलं?"

ती म्हणाली, "बुवा, आता उठू का?"

"उठा की!"

ती धावत सुटली. तिच्यामागं सगळं गाव! गळ्यात हार, हातात नारळ, आणि देवळात उरलो मी आणि हे पेटीवाले! प्रसादालाही कुणी थांबलं नाही. अरे, चाललंय काय? मीही निघालो मागोमाग. पाहतो तर देवळामागं भट्टी. तीन महिने धुरपदाबाईनं एकटीनं घडवलेले रांजण, माठ आत रचलेले, उन्हाळ्याच्या बाजारासाठी. वर्षभराची भाकरी त्यात होती तिची. सरपण घालायला गाव पाळीपाळीनं उठत होतं. आणि आता आत लाल काही दिसत नव्हतं.

"अहो, मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

शिदूतात्या म्हणाले, "कीर्तन सोमवारी, भट्टी मंगळवारी, असं ठरलं हुतं. तुमी आलात मंगळवारी. पेटलेली भट्टी थांबत न्हाई, आन दारात आलेल्या बुवाला जा म्हनवत न्हाई. मंग तुमी आण घातलीत."

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. कुंभार मडकं कसं पारखतो? टिचकी मारून! भाजलेलं खण्णकन बोलतं, कच्चं नुसतं थप्प. धुरपदाबाई एकेक मडकं उचलायची, टिचकी मारायची, कान लावायची. थप्प. थप्प. थप्प. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! तिनं एक मडकं माझ्या हातात दिलं. "न्या बुवा. पानी न्हाई ऱ्हायचं यात, पन तुमाला असू द्या."

हे बघा, पेटीशेजारी ठेवलंय ते हेच. वाजवतो... थप्प! ऐकलंत? मला भयंकर लाज वाटते त्या आवाजाची. त्या गावात मी दोन तास बोललो, पण टिचकी एकदाही मारली नाही. आणि तुम्ही हसता काय? बाजारात चार मडकी वाजवून बघता. घरी सुनेला, पोराला, म्हाताऱ्या बापाला तासभर सुनावता, तेव्हा वाजवून बघता? ती गप्प बसतात, आणि तुम्हाला वाटतं, काय ऐकतायत माझं! अहो, आण घातलीय तुम्ही त्यांना! त्यांची भट्टी तिकडं विझतेय!

म्हणून मी आता उभं राहिल्याबरोबर आधी विचारतो की कुणाची भट्टी तर पेटलेली नाही ना... थांबा. पेटीवाले, आज विचारलं का मी? नाही? अरे देवा!

त्या खांबाजवळच्या ताई, तुम्ही कधीच्या चुळबुळताय. काय? मोठ्यानं बोला! ... तान्हं बाळ घरी एकटं निजलंय? अहो मग बसलात काय अशा! उठा! आधी घरी जा! आणि बाकीच्यांनो, वाट द्या त्यांना. कीर्तन थांबलंय माझं.