बाहुलीच्या पायाला हळद

हं, टाळ जरा थांबवा मंडळी. मृदंगालाही दम खाऊ द्या. नाम घेतलं, तोंड गोड झालं – आता एक प्रश्न विचारतो. प्रामाणिक उत्तर द्यायचं. देवळात बसलाय, खोटं बोलायची सोय नाही!

लेकराला बापाचा धाक असावा, का नसावा?

...काय म्हणालात आबा? "असावा!" – आवाज बघा कसा खणखणीत! आणि मागं बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतायत. म्हणजे आबांच्या घरात धाक नक्की कुणाचा, ते समजलं आम्हाला!

हसा, हसून घ्या. पुढं हसू येणार नाही. ऐका.

बोरगव्हाण नावाचं एक गाव. बाजारपेठेच्या टोकाला दिगंबर शेटे याची पिठाची गिरणी. माणूस कसा? सोन्यासारखा! दळणात खोट नाही, मापात पाप नाही, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. सगळं गाव म्हणायचं – माणूस असावा तर दिगंबरसारखा. पण एक होतं. आवाज मोठा! आता दिवसभर गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. गिरणी बंद व्हायची, याचा आवाज मात्र चालूच! घरी येऊन "पाणी दे" म्हणाला, तरी शेजारीण आपला तांब्या भरून उभी राहायची!

आणि आवाजाच्या जोडीला राग. उंबऱ्यात चपला वाजल्या की घर गप्प. बायको कांचन, सात वर्षांची पोरगी जुई आणि चार वर्षांचा तेजू – तिघंही चिडीचूप! दिगंबरला वाटायचं, काय शिस्त आहे माझ्या घराला! मारत नव्हता हो तो फारसा. कधीतरी एखादा धपाटा. पण बोलणं? "चामडी लोळवीन!" "उलटा टांगीन!" आपण सगळेच बोलतो की असं. बोललेलं आपण विसरून जातो. बरोबर ना?

लेकरू विसरतं का?

तर झालं असं. दसरा सरला, कोजागिरीचं दूध पिऊन झालं, शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आश्विनातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे – टाळूवर तवा ठेवल्यासारखं! शाळेच्या मागं एक तांबडं पिल्लू हिंडायचं. कुत्र्याचं हो. जुईला त्याचा भारी लळा. आपल्या ताटातली चतकोर भाकरी फ्रॉकमध्ये लपवून न्यायची, त्याला घालायची. एकदा दिगंबरनं पाहिलं. भर रस्त्यात ओरडला –

"जुये! परत त्या कुत्र्याजवळ दिसलीस ना, तंगडं तोडून हातात देईन!"

झालं. बोलला आणि गिरणीत गेला. पट्टा फिरायला लागला, विषय संपला.

त्याचा संपला! पोरीचा?

इकडं दिवाळी तोंडावर. गिरणीत ही गर्दी! भाजणीचे डबे, बेसनाची डाळ, अनारशाचे तांदूळ, डब्याला डबा लागलेला. दिगंबरच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या – साक्षात पिठाचा गणपती! आणि घरामागं जुई आणि तेजूचा किल्ला चाललेला. माती कालवायची, दगड रचायचे, अळीव पेरायचा.

पण पोरगी मोजे घालून! शाळेचे पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे! कांचन म्हणाली, "अगं, एवढ्या उकाड्यात मोजे कशाला?" "मुंग्या चावतात आई." कढईत चकल्या, पुढ्यात शेवेचा घाणा – आईला कुठली सवड? "बरं," म्हणाली.

एक दिवस भर दुपारची गोष्ट. गिरणीत रांग लागलेली. त्यात दोघी बोलतायत. एक म्हणाली, "अगं ऐकलंस का? शाळेमागचं ते तांबडं पिल्लू पिसाळलं होतं म्हणे. सुताराच्या वासराला चावलं. तोंडाला नुसता फेस! काल मेलं, ओढ्याला नेऊन पुरलं."

दिगंबर पीठ झटकत म्हणाला, "बरं झालं, ब्याद गेली."

मंडळी, हे वाक्य त्याच्याच तोंडचं आहे बरं का. बरं झालं, ब्याद गेली!

आणि लाईट गेली. गिरणी बंद. वायरमनला फोन लावला तर म्हणाला, तासभर तरी येत नाही. दिगंबरनं विचार केला, घरी जाऊन दोन घास खाऊन येऊ. भर दुपारी कधी न येणारा माणूस, मागच्या दारानं आला. परसात पोरांचा आवाज ऐकला आणि भिंतीआड थांबला. म्हणाला बघू तरी, काय खेळतायत आपली लेकरं.

भातुकली मांडलेली. तेजू पोतं पांघरून, गालाला माती फासून, छाती काढून चालत येतोय – "काय गोंधळ चाललाय! गप बसा! उलटा टांगीन!"

दिगंबरला हसू फुटलं. अरे, हा तर मी! हुबेहूब मी! बापाला नक्कल आवडली हो! मिशीत हसतोय गडी!

मग जुईनं बाहुली मांडीवर घेतली. चिंध्यांची बाहुली. पुडीतली हळद काढली आणि बाहुलीच्या पोटरीला लावायला लागली. हळूच तिच्या कानात सांगतेय –

"रडू नको बाई. कुत्रा चावला की असंच करायचं. हळद लावायची आणि वर मोजा घालायचा. बाबांना सांगायचं नाही. बाबा पाय तोडतात."

दिगंबरचं हसू तोंडावरच राहिलं. वाळलेल्या पिठासारखं.

कुत्रा? कुठला कुत्रा?

तांबडं पिल्लू. फेस. वासरू. मेलं. पुरलं.

मंडळी, माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना – त्याची सरकली नाही, त्याला तिथं जमीनच उरली नाही! भिंत धरून तो पुढं झाला. एरवी गावभर ऐकू जाणारा तो आवाज, कुठं गेला कुणास ठाऊक. कसाबसा म्हणाला –

"जुई... मोजा काढ."

पोरीनं वर पाहिलं. बाप उभा! तिचा चेहरा पांढराफटक. बाहुली टाकली, मागं मागं सरकत भिंतीला टेकली. दोन्ही हातांनी पोटरी घट्ट धरली आणि किंचाळली –

"नको बाबा! पाय नका तोडू! मी परत नाही जाणार त्याच्याजवळ! बाबा, पाय नका तोडू!"

...

आता काय म्हणू मी? तुम्हीच सांगा.

त्या पोरीला वाटत होतं, बाप खरंच पाय तोडणार. चार-पाच दिवस ती त्या विश्वासानं जगत होती. कुत्रा चावला त्याचं भय कमी, आणि बापाला कळेल त्याचं भय जास्त! दात पोटरीत रुतले तेव्हा ती बापाकडं धावली नाही – बापापासून लपली.

दोन ओळी जुळल्यात मला. कुणा संताची वाणी नव्हे हो, माझीच मोडकीतोडकी –

धाकाने झाकला । लेकराने घाव ।
बापा तुझे नाव । भय झाले ॥

कांचन झाऱ्या हातात घेऊनच धावत आली. दिगंबर खाली बसलेला, पोरीचा पाय मांडीवर. मोजा उतरवलाय. पोटरीवर चार दातांच्या खुणा, कडेनं सूज, वर हळदीची पिवळी खपली.

"अगं माझे आई!" कांचननं कपाळ बडवून घेतलं. "मला तरी सांगायचंस गं! मला का नाही सांगितलंस?"

पोरगी हुंदके देत म्हणाली, "तू... तू सांगितलं असतंस बाबांना. तू म्हणतेस ना, येऊ देत बाबांना, सांगते."

आयाबायांनो, आता कशाला खाली बघताय? मगाशी हसत होतात ना!

शेजारच्यानं मोटारसायकल काढली. तो पुढं, मधे जुई, मागं दिगंबर. तालुक्याचा दवाखाना गाठला. वाटेत बापाच्या मनात एकच धोशा – उशीर झाला. उशीर झाला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणं एकदा दिसायला लागली की पुढं औषध नाही, हे त्यानंही ऐकलं होतं. पाण्याला भिणारा रोगी त्यानं लहानपणी गावात पाहिला होता. ते डोळे तो कधी विसरला नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण करड्या. आधी नळाखाली साबणानं जखम धुवायला लावली – धू, परत धू, अजून धू. मग विचारलं, "कधी चावलं?"

"चार-पाच दिवस झाले असतील."

"चार-पाच दिवस? आणि आज आणताय? घरात लक्ष नसतं का तुमचं?"

दिगंबर शेटे, बाजारात चौघांना गप्प करणारा माणूस, हात जोडून उभा. काय सांगणार? पोर मला भिते म्हणून लपवलं, असं सांगणार?

"ताई, वाचेल ना?"

बाई जरा नरमल्या. "अजून त्रास काही दिसत नाही. जंतू मेंदूपर्यंत पोचायच्या आत लस पोचायला हवी. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आज सुरू करू. पुढची एकही चुकवायची नाही. महिनाभर लक्ष ठेवा."

दंडात सुई. आणि जखमेच्या भोवती, त्या सुजलेल्या पोटरीतही सुया! मोठी माणसं ओरडतात तिथं. पण जुई? तोंडातून हूं नाही की चूं नाही. ओठ दातात धरलेला, आणि डोळे कुठं? सुईकडं नाही हो! डोळे बापाच्या तोंडाकडं लागलेले. बाप रागावलाय का, ते बघतेय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ, दुखतंय ना? रड की. रडलं तरी चालतं इथं."

तरी पोरगी बापाकडंच बघतेय. रडू का? परवानगी मागतेय!

दिगंबर खाली वाकला. म्हणाला, "रड गं माझे बाय." आणि एवढं म्हणून स्वतःच असा ढसाढसा रडला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. बाप रडतोय बघून पोरगी चकित! आणि मग तिला फुटलं रडू. चार-पाच दिवसांचं साठलेलं!

तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट संपली. नाही. दिवाळी आली. आकाशकंदील लागला, किल्ल्यावर मावळे चढले. पण दिगंबरच्या घशाखाली फराळ उतरेना. रोज सकाळी तो जुईसमोर बसायचा आणि ती पाणी पिताना बघायचा. पेला ओठाला लागला... घोट गेला... हुश्श! एके दिवशी पेला तोंडाशी नेऊन पोरगी थबकली. याचं काळीजच थांबलं! "का गं? का थांबलीस? पी ना! पी!" ती म्हणाली, "बाबा, मुंगी आहे पाण्यात."

मुंगी! मंडळी, त्या मुंगीला त्यानं मनोमन दंडवत घातला!

त्यातच पाडव्याच्या दिवशी तो डोक्यावरचं पीठ झटकायला हात वर करतो, तर शेजारी बसलेल्या तेजूनं झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले. मार बसेल म्हणून! चार वर्षांचं पोर! दिगंबरचा हात वरच्या वर राहिला. पोरीच्या रक्तातलं विष उतरवायला दवाखान्यात लस होती. हे कशानं उतरवायचं?

तुळशीचं लग्न झालं, जुईची शेवटची सुई झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काळजी मिटली." पोरगी वाचली. देवाची कृपा!

पण बापाकडं धावत येत होती का? छे हो! विचारलं तेवढं बोलायची, बाकी लांबूनच. दिगंबर आवाज खाली घ्यायला शिकला. चुकायचा, पुन्हा मोठ्यानं बोलायचा, पुन्हा जीभ चावायचा. बायको म्हणायची, होईल हळूहळू.

मार्गशीर्षात एक दिवस गिरणी सुरू होती. घरघर घरघर. बायका डबे घेऊन उभ्या. जुई दारात आली. ओली चिंब, फ्रॉकमधून पाणी गळतंय. ओठ हलले, पण त्या आवाजात ऐकू येतंय कुणाला? दिगंबरनं गिरणी बंद केली. अर्धं दळण आत! एक मावशी म्हणाली, "अहो, ज्वारी राहिली की माझी!"

तो वाकला. "काय म्हणालीस?"

पोरगी सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमचा मोबाईल हौदात पडला. माझ्याच हातून पडला. मी काढायला गेले, सापडला नाही."

राग आला का हो त्याला? आला! नव्यानंच घेतलेला मोबाईल! कानशिलं तापली, हात शिवशिवला. शेवटी माणूसच तो. पण पोरगी पळाली नव्हती, उभी होती. सांगायला त्याच्याकडंच आली होती.

दिगंबरनं हात धोतराला – नाही, पँटीलाच पुसले, मी आपला जुन्या जमान्यात गेलो! हात पुसले, तिचा ओला हात हातात घेतला आणि म्हणाला, "चल, दाखव कुठं पडला. दोघं मिळून काढू." आणि त्या बाईला म्हणाला, "मावशी, ज्वारी जरा उशिरानं मिळेल."

मोबाईल निघाला हौदातून. चालला नाही, सांगून ठेवतो!

तर मंडळी, उत्तर काय? वळण लावा, शिस्त लावा, चुकलं तर दाखवा. नको कोण म्हणतंय? पण धाक एवढा नसावा की संकटात लेकराला आधी आपली आठवण यावी, आणि ती भीतीनं यावी! आपण देवाला म्हणतो ना, माझं सगळं तुझ्यापुढं उघडं. कारण तो मारणार नाही, असा विश्वास आहे. मग आपल्या लेकराचा देव कोण? उंबऱ्यात चपला वाजल्या की तुमच्या घरात काय होतं – पोर दाराकडं धावतं, का कोपऱ्याकडं? इथं मोठ्यानं सांगू नका. घरी जाताना वाटेत स्वतःलाच सांगा.

बघा, कितीतरी लेकरं मांडीवर झोपलीत तुमच्या. त्यांना उठवू नका. आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करा. उंच, आणखी उंच! हे हात आता खाली येतील ना, ते लेकराच्या पाठीवरून फिरायलाच येतील, एवढं मनाशी पक्कं करा. आणि मग म्हणा, पण हळू, पोरं जागी होतील –

पांडुरंग हरी... पांडुरंग हरी...