खंडेनवमीची रायफल

क्षिप्राला फायदा एवढाच, की नोव्हेना भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत फुकटची करमणूक होणार होती. सिंगापुरात आपलं मराठी कुणाला कळतंय, अशा खात्रीनं मागच्या बाकावरचे दोघे भाऊ बोलत होते.

“दादा, न्यूझीलंडला तुझ्या घरी ठेवलेली माझी शिकारीची रायफल. तिला नवी नळी बसवू, की रायफलच विकून टाकू?”

“विक्रांत, जुन्या बंदुकीला कशाला खर्च? न्यूझीलंड सोडून इथं येताना तुमच्या मराठी मंडळातल्या त्या निशिकांतनं झिजलेला माल तुझ्या गळ्यात मारला.”

“मलाही तेच वाटलं होतं. पण कारागीर म्हणतो, नळी बाकी ठणठणीत आहे, फक्त पुढच्या तोंडाशी खरवडली गेलीय. कुणीतरी तिथून लोखंडी सळई घालून घासत होतं.”

“मग? पुढूनच घालतात ना?”

“दादा! रायफल मागून साफ करतात!”

“अरे, आबांची ठासणीची बंदूक तशीच साफ करायचो. दर खंडेनवमीला तुझीही घासून चकचकीत करायचो आणि मग झेंडूची माळ घालायचो. पूजा नको का शस्त्राची?”

“आणि मी निशिकांतला मंडळाच्या गणपतीच्या आरतीला, सगळ्यांदेखत चोर म्हणालो.”

“तो काय म्हणाला?”

“दुसऱ्या दिवशी रायफलीचे सगळे पैसे परत पाठवले. त्यानंतर मंडळात आला नाही.”

“फोन कर की.”

“कारागिरानं सांगितल्यापासून रोज करतो. उचलत नाही.”

क्षिप्राचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“बसव नवी नळी. चूक माझी, खर्च मी देतो.”

“राहू दे, दादा. निशिकांतनं तो केव्हाच दिलाय.”