पेटीवरचं गाव

(अमरावती, १९६२ चा जून. वलगाव नाक्याजवळ उस्मानभाईंचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. एका नव्या हिरव्या पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव टाकणं चालू आहे.)

मनकर्णा : थांबा चाचा, पुढचं लिहू नका.

उस्मान : काहून? चुकलं का काही? ‘कु. मनकर्णा देवमन तायडे.’ बराबर तं हाये. तुह्या बापानं कागदावर जसं देल्लं, तसंच उतरवलं.

मनकर्णा : नाव बरोबर आहे. खालचं गाव नका लिहू.

उस्मान : ‘नाग’ लिहून झालं, बेटा. ‘पूर’ बाकी हाये. आता नाग असाच सोडू का? होस्टेलातल्या पोरी घाबरतीन.

मनकर्णा : मी नागपूरला नाही चालली. अकोल्याला चालली. म्हणजे, बाबांनी सही केली तर.

उस्मान : अन् बापाले मालूम हाये?

मनकर्णा : आता होईल. बाहेर सायकल लावून राहिले ते.

उस्मान : या अल्ला. भांडाले माहंच दुकान भेटलं का तुले?

मनकर्णा : घरी आई रडते. इथं तुम्ही आहात.

देवमन : झालं का रे उस्मान? मोठ्ठं लिव. फलाटावर दुरून दिसलं पायजे.

उस्मान : तू बस पयले. पोरगी काही म्हनते.

देवमन : काय म्हनते? पेटी लहान पडली का?

मनकर्णा : बाबा, मला अकोल्याच्या शेती कॉलेजात जायचं आहे. फॉर्म भरला आहे. पालकाची सही पाहिजे. उद्या शेवटचा दिवस.

देवमन : शेती कालेज?

मनकर्णा : हो.

देवमन : उस्मान, पानी दे बाप्पा.

उस्मान : घे. बसून पी.

देवमन : शेती शिकाले कालेज कायले लागते? मले सांगती, मी फुकट शिकवली असती. पहाटे बैलायले चारा, मंग वखर, मंग डवरा. अर्धा जलम सालदारकी केली म्या वलगावात, दुसऱ्याच्या वावरात. आता कुठं कचेरीत चपराशी लागलो, सावलीत बसतो. अन् तू चालली मागं उन्हात?

मनकर्णा : मजुरीला नाही बाबा. शिकायला.

देवमन : वावरात वाका तं लागतेच ना? का कालेजच्या वावरात उभ्यानं निंदतेत?

मनकर्णा : वाकावं लागतं.

देवमन : मंग? सायन्सची जागा भेटली हाये तुले नागपूरले. साऱ्या वस्तीत पेढे वाटले म्या. अन् नागपूर म्हनजे नुसतं गाव हाये का आपल्याले? छप्पन साली दीक्षेले तुले घेऊन गेलतो. गर्दीत हात सुटू नये म्हनून तुह्या आईनं तुह्या झग्याची अन् तिच्या पदराची गाठ मारली होती. ध्यानात हाये?

मनकर्णा : आहे. गाठ सुटेना म्हणून रात्री तशीच झोपली होती मी, आईजवळ.

देवमन : त्या गावानं आपल्याले मानूस केलं. मले डिग्री नागपूरचीच पायजे. अकोल्याची नाई चालत.

मनकर्णा : बाबा, डिग्री नागपूरचीच आहे.

देवमन : कालेज अकोल्यात अन् डिग्री नागपूरची? मले येडं समजते का?

मनकर्णा : अकोल्याला कॉलेज आहे, विद्यापीठ नाही. अमरावतीलाही नाही. कॉलेज शिकवतं. पेपर विद्यापीठ काढतं, तपासतं तेच, आणि डिग्रीही तेच देतं. ते नागपूरला. वऱ्हाडातलं कोणीही बी.ए. होवो, बी.एस्सी. होवो, शिक्का तोच. माझ्या पी.यू.च्या मार्कशीटवर वर काय छापलं आहे?

उस्मान : नागपूर. म्याच तं चौकट ठोकून देली तिले.

देवमन : मले वाटलं, छापखान्याचं नाव हाये.

उस्मान : छापखान्याचं नाव एवढं मोठं रायते का रे?

देवमन : मोठा छापखाना असन म्हनलं.

उस्मान : तं मंग ‘पूर’ लिवून टाकू? पुढं ‘विद्यापीठ’ जोडतो. पोरगी कुठंबी गेली तरी खोटं होत नाई.

मनकर्णा : लिहा, चाचा.

देवमन : थांब रे! एवढ्यात फसत नाई मी. शिक्का असन नागपूरचा, वावर तं अकोल्याचंच ना?

उस्मान : माहं म्हननं ऐक. अलीगढले पाठव. भाचा हाये माहा तिथं. सारं एकाच आवारात, कालेज, होस्टेल, मेस. चिठ्ठीत लिवते, मामू, बस गोश्त पतला रहता.

देवमन : तू रंग लाव.

उस्मान : लावून राह्यलो ना.

देवमन : डाक्टरकीचं काय झालं? ते तं नागपूरले हाये.

मनकर्णा : मार्क कमी पडले. सांगितलं होतं तुम्हाला. आणि जी बी.एस्सी. नागपूरला, तीच इथं अमरावतीतही होते. तीच पुस्तकं, तेच पेपर. मग होस्टेलचा खर्च कशाला? पण अकोल्याला जे शिकवतात, ते इथं नाही. माती, बियाणं, कीड.

देवमन : मातीच काहून पायजे तुले? आमाले तं अंगाची सुटत नवती.

मनकर्णा : तुम्ही हसाल.

देवमन : हसाले काय ठेवलं तू?

मनकर्णा : वनस्पतीशास्त्राच्या तासाला बाईंनी फूल आणायला सांगितलं. सगळ्या मुलींनी जास्वंद आणली. मी पऱ्हाटीचं, कापसाचं नेलं. लहानपणी आईसोबत वेचायला जायची, तेव्हा पाहायची. एका दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी तेच लालसर. का, ते कोणी सांगितलं नाही. बाईंनी ब्लेडनं फूल उभं कापलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत बोंड होतं, बाबा. मोहरीएवढं. त्यात बियांच्या जागा ठरलेल्या. तास संपला तरी मी उठली नाही.

देवमन : वेचनाऱ्याले फूल दिसत नाई. बोंडच दिसते.

मनकर्णा : मला दिसलं. आता पुढचं पाहायचं आहे.

उस्मान : देवमन, पोरीनं काई चोरी नाई केली. फारम तं पाय.

देवमन : आन इकडं. पोरी हायेत का त्या कालेजात?

मनकर्णा : खिडकीवर विचारलं मी. तिथल्या बाबूंनी नियमाचं पुस्तक काढून पाहिलं. म्हणाले, मुली घेऊ नये असं कुठं लिहिलं नाही. राहायला पंचफुलामावशी आहे. तिनं माझी खाटही टाकून ठेवली.

देवमन : म्हनजे तिले मालूम, बापाले नाई. अन् हे काय? इथं नुसतं ‘नाही’ लिवलं.

मनकर्णा : ‘पालकांच्या नावावर जमीन किती?’

देवमन : पाय! म्हनजे वावरवाल्यायच्या पोरायसाठी हाये हे. तुले बसवतेत का तिथं?

मनकर्णा : त्यांना थोडे गुण जास्तीचे मिळतात. बाकीच्या जागा मार्कांवर. माझे पुरतात. मग मुलाखत होते. तिथं विचारलं ना, वडिलांची शेती किती, तर सांगीन, केली पुष्कळ, नावावर नाही.

उस्मान : वा!

देवमन : वा नको करू रे. ... मुलाखतीत असं तोंड चालवू नको. पन सांग. सांगाचं तेच.

मनकर्णा : अजून एक आहे. पहिल्या वर्षी प्रत्येकाला वावराचा तुकडा देतात. नांगरण्यापासून कापणीपर्यंत ज्याचं त्यानं करायचं. त्यावर मार्क.

देवमन : केवढा तुकडा?

मनकर्णा : लहान. या दुकानाएवढा असेल.

देवमन : अन् कोनाचा?

मनकर्णा : कॉलेजचा. पण हंगामभर ज्याचा त्याचा. कडेला पाटी ठोकतात, नावाची.

देवमन : मालकाच्या नावाची?

मनकर्णा : माझ्या. पूर्ण नाव लिहितात. मधात तुमचं येतं.

उस्मान : देवमन? ... पेन देऊ का?

देवमन : थांब. हात धुतो. तुह्या रंगानं फारम खराब होईन.

उस्मान : घे, टॉवेल घे.

देवमन : इथंच ना, मने?

मनकर्णा : हो. या रेघेवर.

देवमन : ... झाली. वाळू दे. ... अन् बाहेरच्या मानसाले पाहू देतेत का तो तुकडा?

मनकर्णा : देतात की.

देवमन : मंग येईन एखाद्या आयतवारी. आत नाई येत. धुऱ्यावर, बांधावरच उभा राईन, मालक उभा रायते तसा.

उस्मान : अन् मालकासारख्या शिव्या देशीन?

देवमन : साऱ्या पाठ हायेत मले. पन नाई देत. नुसतं पायतो. फक्त तू वाकली का मी तोंड तिकडं करीन.

मनकर्णा : तिकडं नका करू, बाबा. तवाच तं मी पेरून राहिली असन.