पिल्लाची आई

नवा रायपूरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बाप-लेक बोलत होते.

"बाबा, अभनपूरच्या बाईकडून कुत्र्याचं पिल्लू काहून नाही आणलं?"

"ते आईचं दूध पिऊन राहिलं, पायल. त्या म्हणाल्या, महिन्याभरानं न्या."

"मागच्या वेळच्या भैयानं तर पिल्लू लगेच दिलं होतं."

"आन् ते आठवड्यात मेलं. त्यानं पिल्लाची आई तरी दाखवली होती का?"

"नाही."

"या बाईनं दाखवली. वरून मलेच विचारत होत्या, दिवसा घरी कोण राहते, लेकरू त्याले मारत तर नाही?"

"मंग तुमी काय सांगितलं?"

"म्हटलं, मागचं पिल्लू गेलं तवापासून माही पोट्टी नीट हसली नाही."

"मंग?"

"मंग म्हणाल्या, रविवारी तिले घेऊन या. पिल्लू आईजवळ आहे तवाच ओळख होऊ द्या."

"बाबा, त्याच्या आईले खायला काय नेऊ?"