बोट उचललं तरी

(उरवडे. राजूच्या घराची ओसरी. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा पियूष कॉम्प्युटरपुढे बसलाय. राजूचा डावा हात मनगटापासून नाही. त्याची आई सारजाबाई आत आहे.)

राजू : …आन् सांजच्याला पिरंगुटच्या छापखान्यात पत्रिका गेली न्हाई, तर माज्या सायलीच्या लग्नाला काय दवंडी पिटून बोलवू?

पियूष : होईल काका. पुन्हा एकदा करून दाखवा.

राजू : ह्ये बघ. कंट्रोल दाबला. बोट उचाललं. आता सी. कॉपी व्हायचं सोडून पोरीच्या नावाम्होरं भलतंच अक्षर! तू सिस्टीम नवी करून दिलीस तवापास्नं ह्येच चाललंय.

पियूष : हं. एका हातानं एकेक बटण दाबता यावं म्हणून बोट उचललं तरी कंट्रोल धरून ठेवायचं काम जुन्या सिस्टीममध्ये स्क्रीन सांभाळणारा भागच करायचा. नवा नुसता निरोप धाडतो, ‘कंट्रोल अजून धरून ठेव’ म्हणून. माझा प्रोग्राम तो निरोप वाचतच नव्हता. बोट उचललं की कंट्रोल संपला, असं लिहिलं होतं मी.

राजू : का बरं?

पियूष : मी दोन्ही हातांनी दाबतो ना काका. डोक्यातच आलं नाही. सॉरी.

राजू : सॉरी कसलं, येड्या! मशिनीत हात गेला तवा लोक म्हनले, राजू आता पारावर बसायचा. ह्यो पत्रिकेचा प्रोग्राम कुनी करून दिला मला? निम्म्या गावाच्या पत्रिका केल्या मी. लई उपकार हायेत तुजे.

पियूष : बास हो. हे घ्या, प्रोग्रामला तो निरोप वाचायला लावलं. आता दाबा.

राजू : कंट्रोल… सी… झालं! आये, झालं गं!

सारजाबाई : मग वरडतोस कशाला? पोराला च्या घे म्हनावं. आन् नावं नीट बघ. मागं शरदचंद्राचं ऱ्हायलं, तर समदी भावकी फुगून बसली व्हती.

राजू : स्वागतोत्सुकमधी समदी हायेत. खाली ह्ये एक नवं.

पियूष : पियूष देशमुख? अहो काका, मी भाडेकरू!

सारजाबाई : भाडं देतोस म्हून परका झालास व्हय रं? दारात उभं ऱ्हाऊन पाव्हन्यांना ‘या, बसा’ म्हनायला घरचं मानूस लागतं.

पियूष : शरदचंद्रकाका रुसतील.

राजू : रुसू दे. पंगतीत बसला का निवळतोय त्यो.

पियूष : …याचा फोटो आईला पाठवू? लातूरला. सारखी विचारते, तिकडं तुझं कोण आहे म्हणून.

राजू : थांब, आदी सेव करतो. कंट्रोल… बोट उचाललं… एस. हां. आता पाठव.