स्ट्रॉबेरीचा शिळा मासा

आता तुम्हीच सांगा, चार वर्षांच्या पोराच्या तोंडाला कुलूप असतं का हो? नाही ना? आमच्या धनेशच्या असतं! आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, आणि आता तर त्या पीएचडीवाल्या मॅडमकडेपण नाही... 'आ कर बाळा, आ कर' म्हणून म्हणून माझाच जबडा दुखायला लागला, तुम्हाला सांगते, पण तोंड काही उघडत नाही!

डॉक्टर काय म्हणाले? "याची हाडं कच्ची आहेत, डी व्हिटॅमिन एकदम कमी. ऊन दाखवत नाही का मुलाला?" आता ऊन कुठून आणू? आमच्या बोनकोड्यात या बिल्डिंगची गॅलरी त्या बिल्डिंगच्या किचनमध्ये घुसलेली, चुकून ऊन आलंच तर खालच्या सुगतच्या बुलेटवर पडतं आणि तसंच पुढे निघून जातं! म्हणे थेंब द्या रोज, दिवाळीनंतर परत रक्त काढू, नाही वाढलं तर इंजेक्शन. इंजेक्शन म्हटल्यावर पोरगा नाही, मीच खुर्चीत बसले! तेव्हापासून हा झोपला की मी गुडघे चाचपत बसते, सरळ आहेत ना, वाकले तर नाहीत ना... झोपेतसुद्धा लाथ मारतो मेला, पण तोंड काही उघडत नाही!

दुधात घालून बघितलं, शिऱ्यात घालून बघितलं, डोशाच्या खाली लपवून बघितलं. अहो, पण नाक आहे ना त्याचं, ते आजीवर गेलंय! आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोपरखैरण्याच्या मार्केटात मासे विकतात. पापलेट हातात घेणार, पोट दाबणार, कल्ला उचलून आत लाल आहे का बघणार, मग नाकाशी नेणार आणि एका श्वासात सांगणार, ताजं का कालचं. हा लहानपणापासून त्यांच्या मांडीवर. त्यामुळे आमच्याकडे बिस्किटाचंसुद्धा पोट दाबून बघतात! आणि मी कुठली, तर कराडकडची. लग्न होईस्तोवर बोंबील चित्रातपण बघितला नव्हता. अजूनही मासळी शिजली की मी पदर नाकाला लावून गॅलरीत... तर ते जाऊ दे.

त्यात बालवाडीत आल्या अर्पिता मॅडम. सीवूड्सच्या. एवढीशी पोरगी, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. "ताई, अजिबात टेन्शन घेऊ नका. माझा पीएचडीचा विषयच तो आहे. मुलांना आवडेल अशा पद्धतीनं जीवनसत्त्व कसं द्यायचं." मी सातवी शिकलेली बाई, बघतच राहिले! पोराचं तोंड उघडायला कॉलेज असतं? अगं बाई, मग मी चार वर्षं घरात काय करतेय? मला तर कुणी साधं प्रमाणपत्र दिलं नाही!

मॅडमनी काढली जेली. चॉकलेटची, मग आंब्याची. याने दाबली, हुंगली, ठेवली. मॅडमकडे एक तक्ता होता, त्यावर चेहरे, हसणारा, गप्प, रडणारा. पोरानं बोट ठेवायचं, कसं लागलं म्हणून. हा चाखायच्या आधीच रडक्यावर बोट ठेवून मोकळा! मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे ताई, आपण त्याच्या आवडीचा आकार करू. त्याला काय आवडतं?" मी म्हटलं, दुसरं काय, मासे!

झालं. पुढच्या आठवड्यात मॅडम मासा घेऊन आमच्या घरी हजर. जेलीचा, गुलाबी, शेपटी, डोळे, खवले, सगळं. इतका देखणा की माझ्यासारखीलासुद्धा खावासा वाटला! आम्ही सगळे गोल करून बसलो. आत्याबाई मार्केटला जायच्या थांबल्या. धनेशनं मासा उचलला, डोळे चमकले... त्यानं पोट दाबलं. बोट आत गेलं ते आतच. कल्ला शोधला, कल्ला नाही. मग नाकाशी नेला. त्याचं तोंड असं वाकडं झालं!

"शिला हाय यो!"

शिळा! स्ट्रॉबेरीचा मासा शिळा! मॅडम कावऱ्याबावऱ्या, "नाही रे राजा, कालच केलाय मी!" तर आत्याबाई लगेच, "कालचा ना? मंग बराबर बोलतंय पोर. माशाला माशाचा वास नको गो? ह्याला फुलांचा वास येतंय. आमी असला कुत्र्याला नाय घालनार." झालं, मोठ्या कोर्टाचा निकाल लागला. तोंड काही उघडत नाही!

मॅडमचा चेहरा बघवेना. बिचारीनं बॅगेतून एक काळी बाटली काढली. "ही तुलनेसाठी फक्त. माशाच्या कलेजीचं तेल, जुनी पद्धत. कुठल्याच मुलाला हा वास सहन होत नाही ताई. चमच्याला नुसता थेंब लावून देते, चेहरा टिपते, आणि निघते." झाकण उघडलं मात्र, मी पदर घेऊन थेट गॅलरीत! अहो, अख्खं मच्छी मार्केट त्या बाटलीत कोंडलेलं! गॅलरीतून बघते तर काय... पोरगा तोंड उघडून उभा! आ करून! चमचा चाटला, पुसून चाटला, तक्त्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणतो, "ताजा हाय! अजून दे!"

माझ्या डोळ्यांत पाणी, मॅडमच्यापण डोळ्यांत पाणी. माझं आनंदाचं. तिचं? "ताई, हा वास घालवायलाच चार वर्षं घातली हो मी! गाइड सरांना काय सांगू?" मी चहा ठेवला, दुसरं काय करणार. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत, "रडू नको गो पोरी. तुजा मासा दिसाला लय बेस होता. पन वासानं मार खाल्ला."

डॉक्टर म्हणाले, चालेल, मापाच्या चमच्यानं हेच द्या. दिवाळी झाली, रक्त काढलं. वाढलंय! इंजेक्शन नको! मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले आणि उठताना कंबर धरली. तिथंच चुकलं. "तुमचंही रक्त बघू एकदा." बघितलं. माझं धनेशच्याहून खाली! एवढे महिने याचे गुडघे चाचपत होते, माझे कोण चाचपणार? "तुम्हीही घ्या की तेच तेल. घरात आहेच."

तेच तेल! मी धावत मॅडमकडे. म्हटलं, मॅडम, तो तुमचा गुलाबी मासा... शिळा असला तरी चालेल! तर म्हणतात, "सॉरी ताई, अभ्यास फक्त लहान मुलांवर आहे. मोठ्यांना देता येत नाही."

म्हणून हल्ली आमच्याकडे रोज सकाळी काय चालतं माहितेय? आत्याबाई माझं नाक दाबून धरतात, नवरा लांबून हसतो, आणि धनेश चमचा घेऊन स्टुलावर उभा, "मम्मी, ताजा हाय, आ कर! शहानी ना तू? आ कर!" पोराचं खरंच चुकत नाही हो, भल्यासाठीच करतोय, सगळं कळतं मला...

पण तुम्हाला सांगते, तोंड काही उघडत नाही!